मांगराची खोली करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ तालुक्यात आमच्या घरामागे, माड आणि फणसाच्या सावलीत, आजोबांच्या वेळचा मांगर आहे. बैल होते तोवर त्यात बैल बांधायचे. नंतर गवत, मग शेणी आणि लाकडं, मग मोडकी अवजारं. शेवटची काही वर्षं तर कुणी त्याची कडीसुद्धा काढली नव्हती. दोन हिवाळे काम करून आम्ही त्याची बसा-वाचायची, रात्री पाठ टेकायची खोली केली. तेव्हापासून गावातले आणि मुंबईतले ओळखीचे लोक भेटले की तेच प्रश्न विचारतात. ती उत्तरं इथे एकत्र लिहिते.

आमच्याकडे मांगर नाही, साधा गोठा आहे. हे सगळं त्याला लागू पडेल का?

बरंचसं पडेल. दक्षिण कोकणात घरापासून थोडं दूर, बागेत किंवा शेताच्या कडेला जी कौलारू खोली असते तिला मांगर म्हणतात. गुरं, गवत, सरपण, कधी राखणदाराचा मुक्काम, असं काहीही तिथे चालायचं. जोतं चिऱ्याचं, म्हणजे तासलेल्या जांभ्या दगडाचं, भिंती चिऱ्याच्या किंवा मातीच्या, वर वासे, रिपा आणि कौलं. घाटावरचा दगड-मातीचा गोठा किंवा बागेतलं अवजारांचं खोपट असेल तर पाऊस कमी, थंडी जास्त, एवढा फरक धरा. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे माझ्या प्रत्येक उत्तरात ओल येणारच.

आहे तो दुरुस्त करावा की पाडून नवा बांधावा?

पाडायचा निर्णय घेण्याआधी एक दिवस शांतपणे तपासा. आमच्या सुतारमेस्त्रींनी आत आल्या आल्या वर पाहिलं आणि म्हणाले, "कौलां मगे बघू, आधी वासो बघूया." शिडी लावून ते प्रत्येक वाशाच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी कोयत्याचं अग्र टोचत गेले. चांगल्या लाकडावर कोयता टणकन थांबतो. कुजलेल्यात तो लोण्यात घुसावा तसा बोटभर आत जातो आणि बाहेर काढला की चॉकलेटी भुसा पडतो. वासा मधे क्वचितच कुजतो. तो कुजतो भिंतीत टेकलेल्या टोकाला, कारण तिथे ओल साचते आणि वारा लागत नाही. आमच्या अठरा वाशांपैकी पाच असे निघाले. आढं, म्हणजे माथ्यावरची तुळई, फणसाचं होतं, त्याला काहीही झालं नव्हतं.

भिंतीसाठी ओळंबा सोडा. भिंत बाहेर कललेली असेल किंवा कोपऱ्यात वरून खालपर्यंत उभी भेग असेल तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांना घाबरायचं कारण नाही. आणि जोत्याचे चिरे जागेवर असतील तर माझं मत ठाम आहे: पाडू नका. एवढ्या जाडीची भिंत आज कुणी सहजासहजी बांधून देत नाही. शिवाय चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात वर्षानुवर्षं कठीण होत जातो. तुमच्या जुन्या भिंतीने ते काम आधीच करून ठेवलं आहे. या दगडाला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारमधल्या प्रवासावर १८०७ साली छापलेल्या पुस्तकात दिलं. लॅटिन भाषेत लॅटर म्हणजे वीट. तिथेही लोक तो विटेसारखा तासूनच वापरत होते.

परवानगी लागते का? सातबाऱ्यावर तर पंचवीस नावं आहेत.

कोकणात हा प्रश्न गवंड्याच्या आधी सोडवावा लागतो. सर्वात आधी ग्रामपंचायतीतून घर-आकारणीचा उतारा काढा आणि मांगराची नोंद आहे का, कुणाच्या नावावर आहे, गोठा म्हणून आहे की घर म्हणून, ते पाहा. वापर बदलणार असेल तर ते ग्रामपंचायतीला लेखी कळवा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे शेतीच्या कामासाठीची इमारत आणि बिगरशेती वापर या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून तुमचा मांगर कशात बसतो हे तलाठ्याला विचारूनच ठरवा. समुद्राच्या भरती-रेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा खाडीकाठी असाल तर किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियमही लागतात.

भाऊबंदांची संमती कागदावर घ्या. आम्ही गणपतीत सगळे जमले असताना विषय काढला, मांगर कुणाच्या एकट्याच्या मालकीचा होणार नाही हे स्पष्ट लिहिलं आणि सह्या घेतल्या. फोनवरचं "चालात, कर गो" पुढे उपयोगी पडत नाही. आज ज्यांनी होकार दिला त्यांची मुलं उद्या विचारणार आहेत.

साफसफाई कुठून सुरू करायची?

दारातून, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून, पायात गमबूट आणि हातात जाड मोजे घालून. हे गमतीने घेऊ नका. लाकडाच्या ढिगात आणि पडलेल्या चिऱ्यांच्या फटींत फुरसं आणि घोणस असू शकतात. फुरसं हातभरसुद्धा नसतं आणि जांभ्याच्या रंगात मिसळून जातं. लाकूड उचलताना हात खाली घालू नका, आधी लांब काठीने किंवा आकड्याने ओढून बाजूला करा. लाल विंचू हा कोकणातला दुसरा धोका. त्याच्या दंशाने हृदयावर परिणाम होतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरात आलं आणि असंख्य जीव वाचले. पण त्यासाठी वेळेत दवाखान्यात पोचावं लागतं. साप असो वा विंचू, मंत्र-उतारा करण्यात वेळ घालवू नका. सर्वात जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे आणि गाडी कोण काढेल, हे काम सुरू करायच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

गुरं बांधलेली जागा असेल तर फटींत गोचीड असतात. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आणि तो गोचिडांतूनच पसरतो. त्या बाजूला असाल तर अंगभर कपडे घाला आणि संध्याकाळी अंग नीट तपासा. उंदरांच्या लेंड्या आणि जुनी धूळ कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, नाका-तोंडाला फडकं बांधा.

आणि एक विनंती. जे निघेल ते सगळं भंगारात देऊ नका. आमच्या मांगरात गवताखाली घिरट सापडलं, भाताची टरफलं काढायचं. शिसवीचं मुसळ, तळ फाटलेली रोवळी, एक इरलं, आणि गुरांना पाणी पाजायची एकसंध दगडी डोण. डोणीच्या एका कडेला बैलांच्या मानेने घासून घासून तळहाताएवढा गुळगुळीत खळगा झाला आहे. ती आम्ही हलवली नाही. तिच्यात आता पाणी भरून ठेवतो. सकाळी बुलबुल येतात, आणि पाय धुवायलाही तीच.

वाशांत घुबड किंवा पाकोळ्यांचं घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. महिना-दीड महिन्याने काम बिघडत नाही.

कौलं काढून पत्रा घातला तर कटकट संपेल ना?

गळण्याची कटकट कमी होईल, पण मग ती खोली निवांत राहणार नाही. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखाली बसून बघा. पावसात तर शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. कौलावरचा पाऊस वेगळा वाजतो. तो ऐकत झोप लागते. मांगरात राहायचं ते त्यासाठीच, असं मला वाटतं.

बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात यांत्रिक कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौलं किनाऱ्याने वर आली. त्याआधी नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, होते. मंगळुरी कौल एकमेकांत अडकतं, म्हणून टिकतं. एक कौल अडीच किलोच्या आसपास असतं आणि चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. हे वजन वासे आणि रिपा पेलणार आहेत का, हे आधी पाहा. छपराचा उतार तीस अंशांच्या खाली नको, नाहीतर वाऱ्याने पाणी उलटं वर चढून आत येतं.

जुनी कौलं फेकू नका. उतरवून, ब्रशने शेवाळ काढून, एकेक बोटाने वाजवा. चांगलं कौल खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. आमची दर पाचातली चार कौलं परत चढली. कुजलेल्या वाशांच्या जागी ऐनाचे वासे घातले. भिंतीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल दोनदा लावलं. ते तेल कातडी जाळतं, हातमोज्यांशिवाय बाटलीचं झाकणही उघडू नका. आतल्या लाकडाला बोरिक-बोरॅक्सचं पाणी पाजलं, त्याने भुंगा लागत नाही. पावसात मात्र ते धुऊन जातं, म्हणून ते फक्त आतच लावायचं.

उजेडासाठी मधे मधे काचेची कौलं बसवा. आम्ही तीन बसवली आणि दिवसा दिवा लावायची गरज उरली नाही. सकाळी दहाच्या सुमाराला त्यातल्या एकाचा कवडसा बरोबर टेबलावर येतो. चार-पाच बसवलीत तर उन्हाळ्यात खोली तापेल.

वाऱ्याचा विचार जरूर करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर मे २०२१ मध्ये तौक्ते सगळ्या कोकण किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही वेळा कडेच्या ओळीतली कौलं सर्वात आधी उडाली. म्हणून पाखाच्या कडेच्या दोन ओळी आणि आढ्यावरचे कोने तारेने किंवा चुन्यात पक्के करून घ्या. छपरावर झुकलेला माड असेल तर नारळ वेळेवर उतरवा, सुकलेली चुडतं काढून टाका.

माकडं कौलं फोडतात, त्याला उपाय?

पूर्ण उपाय मला सापडलेला नाही. छपरावर आलेली फणसाची फांदी छाटली, त्याने उड्या कमी झाल्या. कौलांच्या खाली बारीक जाळी मारली, म्हणजे फुटलं तरी तुकडा डोक्यात पडत नाही आणि उंदीर, उदमांजर आत शिरत नाही. पंचवीस-तीस जादा कौलं पडवीत रचून ठेवा. एक फुटलं की त्याच दिवशी बदला. दिवसभर वाशावर पाणी पडत राहिलं तर पुढच्या दिवाळीला वासाच बदलावा लागतो.

भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा करावा का?

नको. हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या हिवाळ्यात आम्ही पश्चिमेच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर प्लॅस्टिकचा रंग दिला. दिसायला सुरेख झाला. श्रावणात आले तेव्हा कमरेइतक्या उंचीपर्यंत फुगे आले होते. एकावर बोट दाबलं तर ताटलीएवढा पापुद्रा सुटून हातात आला. मागचा चिरा ओला चिंब होता आणि त्यावर मिठासारखी पांढरी बुरशी-खार धरली होती.

कारण सरळ आहे. चिऱ्याला भोकं असतात. पावसात तो पाणी पितो आणि वारा लागला की सोडतो. बाहेरून पाणी आलं आणि आतून सिमेंटने वाट बंद केली, तर ते पाणी भिंतीतच अडकतं. दुसऱ्या वर्षी सगळा गिलावा खरवडून काढला, भिंत मार्चपासून मेपर्यंत तशीच उघडी सुकू दिली आणि मग चुन्याचा केला.

चुनकळी पाण्यात विरवताना ती उकळते, पाणी उडतं. डोळे सांभाळा, मुलांना लांब ठेवा. विरवलेला चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. वाळू आणि थोडी विटेची भुकटी घालून गिलावा, त्यावर पातळ चुन्याचे तीन हात. बाहेरून आम्ही गिलावा केलाच नाही, फक्त चिऱ्यांच्या दरजा चुन्याने भरल्या. चिरा उघडाच चांगला दिसतो.

पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा येतो. तिथे पाखं फूटभर पुढे वाढवलं आणि मिरगाच्या आधी माडाच्या चुडतांचे विणलेले झाप टांगतो. लोक निळी ताडपत्री लावतात, तिने हवा कोंडते. झाप विणणारे हात गावात अजून आहेत. त्यांना काम द्या.

जमीन शेणाने सारवलेली ठेवावी की फरशी घालावी?

तुम्ही तिथे किती राहणार त्यावर आहे. शेणाची जमीन पायाला मऊ, उन्हाळ्यात गार, आणि सारवल्यावर जो वास येतो तो मला दुसऱ्या कशात मिळाला नाही. पण तिला आठवड्या-पंधरवड्याने हात लागतो. महिनाभर बंद राहिली, त्यात पाऊस असला, तर बुरशी धरते. खुर्ची ओढली की उकरते.

आम्ही मधला मार्ग काढला. आतल्या खोलीत जुनी जमीन हातभर खणली, खाली जांभ्याचे तुकडे आणि खडी भरली, म्हणजे जमिनीतली ओल वर चढत नाही, आणि वर लाल रंगाचा घोटलेला कोबा केला. पडवीत मात्र मातीचीच जमीन. दिवाळीनंतर माती भिजवून पसरली, धुमसाने, म्हणजे जड ठोकणीने, ठोकली, मग काकी आणि शेजारच्या दोघीजणी चोपणं, म्हणजे चोपायच्या लाकडी फळ्या, घेऊन बसल्या. तीन सकाळ चोपत होत्या. मला वाटलं पहिल्या दिवशीच झालं. काकींनी नखाने ओरखडा काढून दाखवला, माती निघाली. तिसऱ्या दिवशी ओरखडा उठला नाही तेव्हा त्या उठल्या.

गुळगुळीत चकचकीत टाइल्स घालू नका. दमट हवेत त्यांच्यावर पाणी सुटतं आणि पाय सरकतो.

वीज कशी न्यायची?

घरातून जमिनीखालून, जाड पाइपातून केबल. झाडावरून लोंबती वायर नेऊ नका. मांगरात स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच हवाच, ओल्या भिंतीत त्यावरच जीव अवलंबून असतो. वैशाखात आणि दसऱ्याच्या आसपास विजा कडाडतात, तेव्हा प्लग काढून ठेवा. दिवे पिवळसर आणि मंद घ्या. आमच्याकडे दोन दिवे, एक पंखा, एक प्लग एवढंच आहे.

संडास-न्हाणी आत करावी का?

मी आत केली नाही. ओलीचं घर आत आणायचं नव्हतं. दहा पावलांवर वेगळी, चिऱ्याची, पडवीपासून झाकलेल्या वाटेने जाता येईल अशी बांधली. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा. जांभ्यातून पाणी चटकन झिरपतं, त्यामुळे जागा असेल तर आणखी लांब आणि विहिरीपेक्षा उताराच्या खालच्या बाजूला घ्या.

आत काय ठेवायचं?

कमीत कमी. आमच्याकडे आजीची लाकडी बाज, खिडकीखाली एक टेबल, एक आरामखुर्ची, कोनाड्यात कंदील. पायांखाली चिऱ्याचे तुकडे ठेवलेत, म्हणजे लाकडाला वाळवी सहज चढत नाही आणि चढली तर मातीची रेघ दिसते. सामान भिंतीपासून वीतभर लांब. प्लायवूडचं काही आणू नका, एका पावसात फुगतं. कापसाची गादी जूनमध्ये घरात माळ्यावर जाते आणि तिच्याजागी चटई येते. पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवते आणि ऊन पडेल त्या दिवशी पडवीत उघडते. खिडक्यांना आतून डासांची जाळी, बाहेरून झडपा. समोरासमोर दोन खिडक्या असल्याशिवाय मांगर राहण्याजोगा होत नाही. नसतील तर एक फोडा. आधी वर लाकडी तुळई बसवा, मगच खालचे चिरे काढा.

खर्च आणि वेळ?

आमच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग छपराला लागला, त्यातही लाकडाला. पैसे कमी असतील तर पहिल्या वर्षी फक्त छप्पर करा आणि एक पावसाळा जाऊ द्या. कुठे गळतं, कुठली भिंत भिजते, पाणी जोत्याशी कुठे साचतं, ते त्या चार महिन्यांत कळतं. काम दिवाळीनंतर काढा आणि मेच्या मध्याला छप्पर बंद झालेलं असू द्या. आंब्याच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, हे धरून चाला.

पर्यटकांना भाड्याने देता येईल का?

येईल. त्यासाठी पर्यटन विभागाकडे रीतसर नोंदणी करा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, तेही वाचून घ्या. आम्ही देत नाही. दिला असता तर एसी बसवावा लागला असता, आणि एसीसाठी सगळ्या फटी बुजवाव्या लागल्या असत्या.

भर पावसात खरंच राहता येतं का?

जुलैत मी आठ दिवस राहिले. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, संध्याकाळी दिव्याभोवती पावसाळी किडे येतात. पण चुन्याची भिंत कोरडी होती. सकाळी पेज आणि सुकटाची चटणी घेऊन पडवीत बसायचं. पागोळ्या डोणीत पडत असतात आणि समोरचा फणस दिसेनासा होतो. दुपारी वाचता वाचता झोप लागते.

तुम्ही मुंबईला असता तेव्हा कोण बघतं?

काकी. किल्ली त्यांच्याकडे असते. आठवड्यातून दोनदा त्या सगळ्या खिडक्या उघडतात, वर बघून ओला डाग दिसला तर फोन करतात. त्याबदल्यात मे महिन्यात पडवी त्यांची. सोलं, फणसपोळी, कुळीथ, सगळं तिथेच वाळतं. मी मेमध्ये गेले की आरामखुर्ची आत ठेवलेली असते आणि सुपांमधून वाट काढत दारापर्यंत जावं लागतं.